काल्पनिक संस्थानातली शाळा: ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बहुतेकांचा पट एकच असतो: देशावरचं एखादं मनाने रचलेलं संस्थान, पेशवाई बुडाल्यानंतरची शंभर वर्षं, आणि शिकू पाहणारा एखादा नायक किंवा नायिका. राजवाडा, तलवारी, दागिने यांचा अभ्यास लोक जीव ओतून करतात. शाळेचा प्रसंग आला की मात्र आजचीच शाळा धोतर नेसवून उभी केलेली दिसते. त्यावरून लेखकांशी जी पत्रापत्री होते, तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. गाव आणि राजा मी मनानेच रचले आहेत. मग खऱ्या तारखांचं बंधन कशाला?

तारखांचं नाही, क्रमाचं बंधन आहे. आधी छापील पुस्तक आलं, मग सरकारी शाळा, मग परीक्षा, आणि मग परीक्षेच्या दाखल्यावर मिळणारी नोकरी. हा क्रम उलटा केलात तर वाचकाला चूक दाखवता येणार नाही, पण काहीतरी खटकत राहील. तुमचं संस्थान काल्पनिक असलं तरी त्याच्या शेजारी सातारा, कोल्हापूर, पुणे खरेच असतात, आणि तिथलं वारं सीमेवर अडत नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक विद्यार्थी-पात्राला विचाराच: हा मुलगा जेवतो कुठे? शाळेत कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, याची नोंद सगळे करतात. पण तालुक्याच्या गावी राहून सात-आठ वर्षं शिकणाऱ्या पोराला रोज भाकरी कोण घालतं, यावर त्या समाजातलं अर्धं शिक्षण ठरत होतं. प्रश्न ६ आणि ७ त्याबद्दलच आहेत.

२. इंग्रज येण्याआधी गावात शाळा असायची का?

असायची, पण आपण जिला शाळा म्हणतो ती नव्हे. एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा मंडप, तिथे पंतोजी, भोवती पंधरा-वीस मुलं. समोर धूळपाटी: लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. सुरुवात ‘ओम नमः सिद्धम्’ने, म्हणूनच आपण आजही कशाचाही ओनामा करतो. त्यानंतर पाढे. नुसते बे-तीनचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ही उजळणी घोकंपट्टी म्हणून हिणवू नका. वजनं, मापं, सावकाराचं व्याज, शेतसारा हे सगळं अपूर्णांकातच चालायचं, आणि ज्या पोराला औटकी तोंडपाठ आहे त्याला बाजारात फसवणं अवघड होतं.

पंतोजीची मिळकत तुटपुंजी. काही धान्य, थोडे पैसे, सणावारी शिधा. मुलं मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार यांची. क्वचित पाटलाचा किंवा खाऊन-पिऊन सुखी कुणब्याचा मुलगा. अस्पृश्यांची मुलं नाहीत, मुलीही जवळजवळ नाहीत.

वेदपाठशाळा ही वेगळी गोष्ट. तिथे संस्कृत, तिथे फक्त ब्राह्मण. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १८१८ नंतर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही. त्याच निधीच्या आधाराने १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. राज्य बदललं तरी खर्च आधी कुणावर झाला, हे यातून दिसतं.

३. माझं पात्र ‘वाचू शकतं’ असं लिहिलं तर पुरेसं आहे का?

नाही. काय वाचू शकतं ते सांगा. पोथी बालबोधात, म्हणजे आजच्या देवनागरीत. हिशेब, पत्रं, दस्तऐवज मोडीत. पोथी घडाघडा वाचणाऱ्या भटजीला खतावणी, म्हणजे हिशेबाची वही, वाचता येईलच असं नाही, आणि खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला संस्कृत श्लोकाचा अर्थ लागेलच असंही नाही.

मोडी लिहिणाऱ्या हाताचं वर्णन करायचं असेल तर हे लक्षात ठेवा: आधी कागदावर आडवी रेघ मारून घ्यायची, मग बोरू न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागाही नाही. सराव नसलेल्या माणसाला तो कागद म्हणजे एकसलग काळी वेल दिसते. मी पहिल्यांदा एक जुना मोडी कागद हातात घेतला तेव्हा तासाभरात मला फक्त ‘श्री’ ओळखता आला. तुमच्या कथेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यासमोर सावकार खत ठेवतो, तेव्हा त्यालाही एवढंच दिसत असतं.

४. गावचा पाटील निरक्षर दाखवला तर वाचकांना पटेल का? तो तर गावचा प्रमुख.

पटेल, आणि तो बऱ्याच गावांत तसाच होता. जुन्या महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्रांवर, पाटलाच्या नावापुढे सहीऐवजी नांगराचं चित्र असतं: ‘निशाणी नांगर’. बलुतेदारही आपापल्या धंद्याचं हत्यार काढत. न्हाव्याची निशाणी आरसा. त्या एका कागदावर अख्खं गाव चित्रांनी उमटलेलं असतं, आणि अक्षर लिहिलेलं असतं एकट्या कुलकर्ण्याने.

पाटलाकडे मान, जमीन आणि माणसं, कुलकर्ण्याकडे दप्तर. दप्तर म्हणजे कुणाची जमीन किती आणि कुणाचा सारा किती थकला, याचा एकमेव पुरावा. दोघंही वतनदार, दोघांचंही पद बापाकडून मुलाकडे. म्हणून कुलकर्ण्याच्या घरातलं लेखन-वाचन ही घराण्याची मालमत्ताच होती, आणि ती वाटून टाकावी असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. ही गाठ किती पक्की होती, तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी ती सोडवण्यासाठी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनच बरखास्त केलं आणि पगारी तलाठी नेमले.

५. जात आणि वर्ग एकच धरून चालू का?

नका. जोतीराव फुल्यांचंच घर घ्या. माळी, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत शूद्र. पण घराण्याचा पेशव्यांना फुलं पुरवण्याचा व्यवसाय, पुढे बांधकामाची कंत्राटं, हाती पैसा. तरीही एका कारकुनाच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं होतं. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा गेले. घरात पैसा होता. शिकावं ही अपेक्षा समाजाला नव्हती.

उलट बाजूला धोंडो केशव कर्वे. चित्पावन ब्राह्मण, पण घरची गरिबी. सहावीच्या परीक्षेसाठी ते दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्याला शंभर मैलांहून जास्त अंतर पायी गेले, घाट चढून. पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. घरात पैसा नव्हता, पण ‘हा मुलगा परीक्षा देणार’ याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

पात्राची आर्थिक स्थिती आणि समाजाची त्याच्याकडून असलेली अपेक्षा, या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

६. गरीब ब्राह्मण मुलगा शहरात शिकायला येतो. तो राहतो-जेवतो कसा?

वार लावून. आठवड्याच्या सात वारांसाठी सात घरं ठरवायची. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. ते जमलं नाही तर माधुकरी मागायची. निजायला एखाद्या देवळाची ओवरी, अभ्यासाला दुसऱ्याच्या घरचा दिवा.

माझे आजोबा वारावर जेवून शिकले. त्यांना सहाच घरं मिळाली होती. शनिवारचं घर मिळालं नाही. म्हणून ते शनिवारी मारुतीचा उपास धरू लागले. पुढे नोकरी लागली, घर झालं, ताटात सगळं आलं, तरी शनिवारचा उपास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आजी म्हणायची, हा देवाचा नाही, भुकेचा उपास आहे.

या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे. पण लिहिणाऱ्याने पुढचं वाक्यही लिहिलं पाहिजे: ती सहा घरं त्यांना जातीमुळे मिळाली. अनोळखी गावात अनोळखी दाराशी उभं राहून ‘वार मिळेल का’ असं विचारता येणं, हीच एक पिढीजात संपत्ती होती.

७. मग कुणब्याच्या किंवा मराठ्याच्या मुलाने वार का लावले नाहीत?

लावणार कुणाकडे? शहरातल्या पांढरपेशा वस्तीत त्याच्या जातीची घरं कमी. असलेली मजुरांची, स्वतःच अर्धपोटी. ब्राह्मणाच्या घरी त्याला पंक्तीला बसवत नसत. आणि गावी त्याचे हात शेतात हवे असत, म्हणजे शिकायला जाणं हा घराचा दुहेरी तोटा. शाळेच्या दारावर कुणीही अडवलं नसतं तरी हा मुलगा महिनाभरात परत गेला असता.

हे सर्वांत नेमकं ओळखलं शाहू महाराजांनी. १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्वांसाठी एक वसतिगृह निघालं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण ते ब्राह्मण मुलांनीच भरलं, कारण तिथवर पोचणारे तेच होते. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय लिंगायत आणि इतर जातींची. जातवार बोर्डिंगं कशाला, असं आज कुणी विचारतं तेव्हा मी १८९६ च्या त्या वसतिगृहाकडे बोट दाखवते.

दरम्यान २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. बोर्डिंग आणि नोकरी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. तुमच्या संस्थानात एक दाखवलंत तर दुसरं काय झालं तेही दाखवा.

८. अस्पृश्य समाजातला नायक शिकलेला दाखवायचा आहे. साधारण कुठल्या काळापासून शक्य आहे?

वाटतं त्यापेक्षा आधीपासून. पण वाट कुठली ते दाखवावं लागेल.

पहिली वाट मिशनच्या शाळांची. दुसरी फुल्यांची, पुण्यात त्यांनी १८५० च्या आसपास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. तिसरी वाट कथालेखकांच्या नजरेतून हमखास सुटते: लष्कर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि पलटणीत शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शन घेऊन गावी परतलेला, वाचता येणारा महार सुभेदार हे पात्र पूर्णपणे विश्वसनीय आहे. त्याने गावकीत परतल्यावर ‘जोहार मायबाप’ म्हणायचं की नाही, या एका क्षणावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबवली गेली आणि ही वाट बंद झाली. तो घाव किती खोल होता हे त्यानंतरच्या अर्जविनंत्यांतून कळतं.

सरकारी शाळेची वाट सर्वांत कठीण. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने त्याची बाजू न्याय्य असल्याचं मान्य केलं आणि तरीही नाही म्हटलं, कारण त्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील. दोन वर्षांनी कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींसाठी आहेत असं कळवलं. हे कागदावर. ओसरीवर काय घडत होतं ते वेगळं.

९. प्रवेश मिळाल्यावर प्रश्न संपतो ना?

तिथून सुरू होतो. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळे बसत. ते गोणपाट रोज न्यायचं, रोज परत आणायचं, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही.

अपमानाचा प्रसंग लिहिताना लेखक मोठे संवाद घालतात. गरज नसते. उन्हाळ्याची दुपार, बंद नळ आणि शिपाई कुठे दिसतो का हे पाहणारा मुलगा, एवढं पुरे.

१०. मुलींच्या बाबतीत वर्ग महत्त्वाचा की जात?

दोन्ही, पण लोक समजतात तसे नाही. सरदार-घराण्यांतल्या स्त्रियांच्या नावाची पत्रं सापडतात. त्यांतली बरीचशी कारकुनाच्या हातची. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांत विरोध आतूनच होता. महादेव गोविंद रानडे यांनी लग्नानंतर पत्नी रमाबाईंना घरी शिकवायला सुरुवात केली तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना सळो की पळो केलं. माजघर हे रणांगण कसं होतं ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ मध्ये फुल्यांनी काढली. सावित्रीबाई शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून जास्तीचं लुगडं बरोबर नेत. फातिमा शेख त्यांच्या सहकारी. सरकारी कारकुनाच्या मुलीला हायस्कूल हवं असेल तर १८८४ पर्यंत थांबा, तेव्हा पुण्यात हुजूरपागा सुरू झाली.

आणि ‘१८५५ मध्ये मांग समाजातली मुलगी निबंध लिहिते हे अशक्य आहे’ असं कुणी सांगितलं तर मागे हटू नका. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. माझ्या मते मराठी गद्यातली ती सर्वांत धारदार सुरुवातींपैकी एक आहे.

११. माझा उदार राजा १८५० मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण जाहीर करतो. चालेल?

चाळीस वर्षं पुढे ढकला. फुल्यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं ते १८८२ मध्ये; शेतकऱ्याच्या सारापट्टीचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रार त्याच निवेदनात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापूरचा हुकूम १९१७ चा, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडासह.

हुकूम काढणं सोपं. शिक्षक कुठून आणणार? पिढ्यान्‌पिढ्या एकाच वर्गाने अक्षर राखलेलं असताना पहिली शिक्षकांची तुकडीही त्याच वर्गातून येणार (प्रश्न ४). हा पेच तुमच्या राजाला पडू द्या.

१२. शिकल्यावर पात्राचा वर्ग बदलतो का?

पगार बदलतो. मराठी शाळेची फायनल पास झालेला मुलगा मास्तर किंवा कारकून होई, आणि गावात ‘फायनल झालेला’ हे त्याचं विशेषण मरेपर्यंत टिके. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले, मोजून चार, त्यांत रानडे आणि भांडारकर. त्यामुळे १८७० च्या आसपास खेड्यात बी.ए. झालेला माणूस आणायचा असेल तर त्याला बघायला पंचक्रोशी लोटलेली दाखवा. सोयरीक, पंगत आणि पाणवठा मात्र पदवीने बदलले नाहीत.

१३. हस्तलिखितांत कुठल्या बारीक चुका नेहमी दिसतात?

पंतोजीच्या शाळेला रविवारची सुट्टी. रविवार मिशनच्या आणि सरकारी शाळांबरोबर आला. पाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी असे अनध्याय, म्हणजे पाठ बंद ठेवायचे दिवस, असत. १८०० मध्ये मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक. पंतोजीला ‘सर’ म्हणणं. जुन्या शाळेत पंतोजी, सरकारी शाळेत मास्तर.

१४. सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवतात, असा प्रसंग १९२५ च्या आधी खोटा वाटेल का?

शहरातल्या सुधारकाच्या घरी एखाद्या दिवशी, सभेचा भाग म्हणून, चालेल. रोजचं जेवण म्हणून दाखवायचं तर जागा नीट निवडा. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, कामंही वाटून घेत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. स्वतः भाऊराव कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. जातवार बोर्डिंगातून (प्रश्न ७) शिकलेल्या मुलाने पुढे जात न पाहणारं बोर्डिंग काढलं, हा धागा कादंबरीत धरण्यासारखा आहे.

हा प्रसंग भाषणात लिहू नका, कोठीघरात लिहा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. एक वेळ अशी आली की धान्य संपलं होतं आणि मोडायला मंगळसूत्र तेवढं उरलं होतं. त्यांनी ते दिलं, आणि त्या दिवशीही मुलांची पंगत बसली.